गाव नमुना एक-ई

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. बढत्यांची व बदल्यांची यादी देण्यात आम्हांस स्वारस्य नाही. महसूल खात्यातील दीर्घ सेवेपैकी एका नोंदवहीविषयीच सांगावेसे वाटते.

या वसतिगृहातून दहावी होऊन आम्ही औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात गेलो. १९८३ साली पदवी मिळाली. पदवीपत्रावर नुसते ‘मराठवाडा विद्यापीठ’ छापलेले आहे. त्या नावात बाबासाहेबांचे नाव येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. पुढे लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आम्ही नायब तहसीलदार झालो.

गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची नावे सातबाऱ्यावर नसत. ती असत गाव नमुना एक-ईमध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. तलाठी दंड लावी, पावती देई, आणि गाव त्या कुटुंबास सरकारी जमिनीचे चोर म्हणे. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयाने हे चित्र पालटले. शेतीसाठी १४ एप्रिल १९९०पर्यंत झालेली अतिक्रमणे, अटींच्या अधीन राहून, नियमित करावयाची ठरली. (बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची ही तारीख आम्हांस योगायोगाची वाटली नाही.) काल जी दंडाची पावती अपमान होती, तीच आज पुरावा झाली.

मात्र पुरावा हाती असावा लागतो. कित्येकांकडून दंड घेतला गेला, पावती मिळाली नाही. अशा दिवसांत एक वृद्धा पत्र्याचा डबा घेऊन कार्यालयात आल्या. “जयभीम साहेब, मालक सांगून गेलेत, सरकारी कागद चुलीत घालू नको.” डब्यात चार पावत्या होत्या. त्यांच्याशी जुळणारी नोंदवही मात्र ‘सापडत नाही’, असा शेरा आला होता. शेजारच्या बड्या शेतकऱ्याची त्या तुकड्यावर नजर होती, हे सर्वांना ठाऊक होते. आम्ही अभिलेख कक्षातील रुमाल एकेक करून सोडावयास लावले. तिसऱ्या दिवशी नोंदवही दुसऱ्याच गावाच्या रुमालात निघाली. ती तेथे कशी गेली, हे कोणी सांगितले नाही. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, प्रकरण वर गेले. दीड वर्षाने सातबाऱ्यावर नाव लागले: भोगवटादार वर्ग-२.

उतारा हाती देताना त्यांनी विचारले, “बाळा, यात माझं नाव कुठं हाय, तेवढं बोटानं दाखव.” आम्ही दाखवले. त्या ओळीवर त्यांनी आपले बोट बराच वेळ ठेवले.

ज्यांच्या घरी असा डबा नव्हता, त्यांच्यापैकी अनेकांचे अर्ज आमच्या निवृत्तीपर्यंत प्रलंबित होते. शासन निर्णय उदार होता. तो वाचून मागणारे वस्तीत थोडे होते. म्हणून शाळेच्या चालकांस एक विनंती आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींना सातबारा, फेरफार व गाव नमुने वाचावयास शिकवावेत. रविवारी सकाळी दोन तास आम्ही येऊ. फळा आणि खडू तेवढा शाळेने द्यावा.