गुंडूचं ताट

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण येता-जाता वापरतो. पण कुंपणापर्यंत जाऊन तो खातो काय, हे बघायला कुणी थांबत नाही. गेल्या वर्षी जून-जुलैत आजीला सोबत म्हणून मी मेलबर्नला आत्याकडे गेले आणि सहा आठवडे एका सरड्याचा स्वयंपाक माझ्याकडे आला. बेळगावात परतल्यावर मैत्रिणींनी कांगारूंबद्दल विचारलं. मला मात्र गुंडूबद्दल सांगायचं होतं.

गुंडू हा बिअर्डेड ड्रॅगन. नाव भारदस्त, लांबी शेपटीसकट जेमतेम दीड फूट. रागावला की गळा फुगवतो, तिथले काटे उभे राहतात आणि ती ‘दाढी’ काळी पडते. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला हा प्राणी. आपल्या कुंपणावरचा सरडा आणि हा एकाच ॲगॅमिडी कुळातले, म्हणजे लांबचे चुलतभाऊच. व्हिक्टोरियात तो पाळायला परवाना काढावा लागतो. तो माझ्या अकरा वर्षांच्या आतेभावाचा हट्ट आणि नावही त्यानंच ठेवलेलं.

गुंडू त्यांच्याकडे आला तोच आजारी होऊन. आधीच्या घरी त्याला रोज मीलवर्म नावाच्या अळ्या आणि आईसबर्ग लेट्यूस मिळायचं. अळ्या तो आवडीनं खायचा, म्हणून त्याच मिळत राहिल्या. त्यांत चरबी भरपूर, कॅल्शियम मात्र फॉस्फरसच्या मानानं फारच कमी. खरं तर ते निदान दुप्पट हवं. लेट्यूस तर जवळजवळ पाणीच. पोट भरत होतं, हाडं रिकामी होत होती. खालचा जबडा मऊ पडून एका बाजूला वाकला होता, पुढच्या पायांची बोटं थरथरायची. प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं की हा आजार थांबवता येतो, पण वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

त्यांनी पहिला प्रश्न जेवणाबद्दल विचारलाच नव्हता. विचारलं होतं, दिवा किती जुना आहे? या सरड्यांना कॅल्शियम पचवायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते अंगात तयार व्हायला यूव्हीबी किरण लागतात. त्यासाठी वेगळी ट्यूब मिळते. ती जुनी झाली तरी उजेड देत राहते, फक्त त्यातले यूव्हीबी किरण कमी होत जातात, डोळ्यांना काहीच कळत नाही. खिडकीजवळ ठेवूनही भागत नाही, कारण काच ते किरण अडवते. शिवाय ऊब पाहिजे. ऊन खायच्या दगडावर चाळीस अंशांच्या आसपास गरम नसेल, तर खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं. ताटाआधी चूल, असा सगळा मामला.

आता ताट. पिल्लू असताना हे सरडे मुख्यतः किडे खातात, मोठे झाले की बहुतेक पाला. गुंडू मोठा, म्हणून सकाळी वाटीभर बारीक चिरलेला पाला: डँडेलियनची पानं, मोहरीची पानं, बोक चॉय, वर किसलेला लाल भोपळा. फळ म्हणजे आठवड्यातून एखादा तुकडा, तेही कौतुकापुरतं. ॲव्होकाडो मात्र अजिबात नाही, ते विषारी. आजी रोज माझ्याशेजारी मोडा घेऊन बसायची आणि रोज म्हणायची, “पालक घाल की गं त्याला, रक्त वाढतंय.” पालकात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, हाडांपर्यंत जाऊच देत नाही, असं मी तिला चार वेळा समजावलं. पाचव्यांदा तिनं भाकरीचा तुकडा पुढं केला.

आठवड्यातून दोन-तीनदा रातकिडे. मोठे नाहीत, सरड्याच्या दोन डोळ्यांमध्ये जितकं अंतर, त्यापेक्षा किडा लांब नको. आणि किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पाला असं चांगलंचुंगलं खायला घालायचं, कारण त्यांच्या पोटात असेल तेच पुढं गुंडूच्या पोटात जाणार. मग पिशवीत घालून त्यांना कॅल्शियमची पांढरी पावडर लावायची, करंजीला पिठी लावल्यासारखी. आजी जन्मभराची माळकरी. ती खोलीतून उठून जायची. एकदा दारातूनच म्हणाली, “आधी त्यास्नी जेवण घालतीस आणि मग त्यास्नीच खायला घालतीस. काय न्याय गं हा?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. गुंडूला पाल्यावरच ठेवता येत नाही, एवढंच मला माहीत आहे.

आजीचं मनगट त्याच्या आदल्या पावसाळ्यात अंगणात घसरून मोडलेलं. हाडं ठिसूळ झालीत म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिलेल्या. त्या ती उशीखाली ठेवायची. मेलबर्नच्या थंडीत बंद खिडकीशी शाल पांघरून बसायची आणि म्हणायची, “मी ऊन खातेच आहे की.” आतेभाऊ तिला मोडक्यातोडक्या मराठीत सांगायचा, “आजी, काचेतून नाय चालत. गुंडूला पण नाय चालत.” एका सकाळी त्यानं पावडरीचा डबा आणि तिच्या गोळ्या शेजारी-शेजारी मांडल्या आणि दोन्हींवरचं वाचून दाखवलं. आजीनं गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी नाही घेतली. तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा डबा आणला.

जूनच्या शेवटी गुंडूनं खाणं सोडलं. तिकडं तेव्हा ऐन हिवाळा. हे सरडे थंडीत आठवडेच्या आठवडे सुस्त पडतात, खात नाहीत, हे आम्ही ऐकून होतो. पण आजारी सरडाही असाच पडतो, असाच खात नाही. फरक कळणार कसा? भोपळा हुंगून त्यानं मान फिरवली आणि दगडाखाली जाऊन डोळे मिटले. आतेभाऊ शाळेतून आला की आधी दप्तर टाकून काचेला नाक लावायचा. जेवायला बसला तरी त्याचे दोन घास जायचे नाहीत. आत्या ओरडायची आणि मग स्वतःच जाऊन बघून यायची.

डॉक्टरांनी आधी शेण तपासून जंत नाहीत याची खात्री केली. मग म्हणाले, जबरदस्तीनं भरवू नका, वजन करा. थंडीची झोप असेल तर वजन फारसं उतरत नाही. आजार असेल तर झरझर उतरतं. मग दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर, जिथं आत्या केकचा मैदा मोजते, तिथं टॉवेल टाकून गुंडू. पहिल्या रविवारी ३१२ ग्रॅम. दुसऱ्या रविवारी ३०९. तो आकडा बघून आतेभाऊ रडलाच. आषाढी एकादशी मधेच आली. आजीनं पाल्याची वाटी भरलेलीच परत आलेली पाहिली आणि हात जोडले, “बघा, त्याला कळतंय. आपल्यालाच वरई लागती.” त्या घरात दहा दिवसांत सगळे पहिल्यांदा हसले.

तिसऱ्या रविवारी ३१०.

आम्ही निघालो तेव्हा तो झोपलेलाच होता. ऑगस्टच्या शेवटी आतेभावाचा व्हिडिओ आला. गुंडू दगडावर, जबडा अजून वाकडाच, समोर डँडेलियनचं पिवळं फूल. दोनदा नेम चुकला, तिसऱ्यांदा जिभेला लागलं. फुलाची एक पाकळी ओठाला चिकटून राहिली होती, ती त्यानं दगडावर पुसली. आजीनं व्हिडिओ तीन वेळा बघितला आणि मला विचारलं, फुलावर पावडर दिसत नाही, ती घातली होती का.