सबास्तिया आणि बत्तीर येथून

सबास्तिया, नाब्लुसनजीक

तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

आपली उभी हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, म्हणून येथील उत्खननातले जे मला सर्वांत मोलाचे वाटले ते प्रथम आपणांसच कळवितो. 1910 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना ह्या टेकडीवर, इस्राएलच्या प्राचीन राजांच्या वाड्याच्या परिसरात, शाईने लिहिलेली शंभरांवर खापरे सापडली. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या त्या नोंदींत कोणत्या गावाहून, कोणाच्या नावे, तेलाचा वा द्राक्षासवाचा बुधला आला एवढाच रोकडा मजकूर आहे, आणि त्यांतली काही गावे विद्वानांनी आजच्या यासीद, कूसीन ह्या अरब गावांशी जुळविली आहेत, जेथले शेतकरी अद्याप जैतुनाचेच पीक घेतात. राज्ये बदलली, धर्म बदलले, भाषाही बदलली, गावठाण टिकले.

प्राचीन इस्राएलच्या ओम्री राजाची राजधानी येथे होती हे निर्विवाद आहे व ते कोणी नाकारू नये. परंतु बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या समाधिस्थानी क्रूसेडरांनी बांधलेले आणि पुढे नबी याह्याची, म्हणजे त्याच योहानाची, मशीद झालेले ख्रिस्तमंदिरही ह्याच भूमीचे आहे, आणि त्या मशिदीत नमाज पढणारा मनुष्यही. 1995 च्या इस्राएल-पॅलेस्टिनी करारान्वये गावाची वस्ती 'ब' विभागात, म्हणजे पॅलेस्टिनी मुलकी कारभाराखाली, व माथ्यावरील अवशेष 'क' विभागात, म्हणजे संपूर्ण इस्राएली अंमलाखाली, पडले. हेब्रोनच्या दक्षिणेस सूसिया येथे तर 1986 साली प्राचीन सिनेगॉगच्या परिसरास पुरातत्त्वीय स्थळ ठरवून तेथे नांदणाऱ्या पॅलेस्टिनी कुटुंबांना बेदखल करण्यात आले. गतकाल जाणून घेण्यासाठी जन्मलेल्या शास्त्राच्या नावाने जिवंत माणसाची वहिवाट मोडावी, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

बत्तीर, बेथलेहेमनजीक

तीर्थरूप दादांस,

येथे झऱ्याचे पाणी रोमनकालीन हौदात साठवून आठ कुळांत पाळीने वाटतात, म्हणून पाण्याच्या हिशेबात बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा असतो. डोंगरउतारावरील दगडी बांध पिढ्यान्‌पिढ्या ढासळले व पुन्हा रचले गेले. 1949 च्या युद्धबंदीच्या तहनाम्यात येथला लोहमार्ग इस्राएलकडे गेला, तेव्हा रुळांस धक्का लागू न देण्याची हमी घेऊन गावाने हद्दीपलीकडली आपली शेते कसण्याचा हक्क राखला. 2014 साली युनेस्कोने ह्या मळ्यांना जागतिक वारसा ठरविले, आणि पुढल्याच वर्षी त्यांना चिरून जाऊ पाहणाऱ्या इस्राएली विभाजक भिंतीचे काम इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात अडले.

इ.स. 135 मध्ये रोमनांविरुद्धच्या बार कोखबाच्या यहुदी बंडाचा जेथे अंत झाला तो किल्ला ह्याच गावाच्या माथ्यावर आहे, आणि गावकरी त्यास परंपरेने यहुद्यांची खिर्बे, म्हणजे यहुद्यांचे भग्नावशेष, असेच म्हणतात. परक्यांची स्मृती जपताना त्यांना स्वतःची मालकी सोडावी लागली नाही.

उद्या जेरुसलेमला निघतो. 1938 साली उघडलेले व 1967 पासून इस्राएलच्या ताब्यात असलेले पॅलेस्टाईन पुरातत्त्व संग्रहालय पाहून सविस्तर लिहीन. सौ. आईस नमस्कार.