शिरोरेषेचा जोड
राजूरला वर्गाच्या भिंतीसाठी अकोले तालुक्याचा ए-झिरो आकाराचा नकाशा आम्ही साध्या प्रिंटरवर छापला. ॲक्रोबॅटमधील ‘पोस्टर’ हा पर्याय मोठी फाइल ए-फोर तुकड्यांत विभागतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने तुकडे 16. पण जोडासाठी कडेची 1 सेंटिमीटरची पट्टी शेजारच्या दोन्ही कागदांवर छापायची, तर उभे कागद 25 लागतात. हा अपव्यय नव्हे. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांच्यामधला केसभर फरक खपून जातो. ‘भंडारदरा’ मात्र एकाच शिरोरेषेला टांगलेले. जोड मिलिमीटरभर सरकला तरी रेषेला पायरी पडते आणि डोळा अडखळतो. अभ्यासक्रमासाठी कादंबरीचे उतारे कापताना आपण अशी सामाईक पट्टी राखतो का? ती नसेल, तर विद्यार्थ्याच्या हाती तुकडेच उरतात. कृती उरत नाही.