देव्हाऱ्यातली खडीसाखर

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

म्हसवड, ता. माण

चि. सायलीस,


ब्रेसलेटचा फोटो पोचला. "मामा, हे सिट्रीन खरं आहे का?" फोटोवरून खडा ओळखणारा मी नव्हे. पण तो गडद नारिंगी रंग बघितला आणि नजर देव्हाऱ्याकडे गेली. देवांशेजारचा पिवळा खडा आठवतो? लहानपणी तू तो खडीसाखर समजून तोंडात घातला होतास आणि आजीचा धपाटा खाल्ला होतास. तो मुळात पिवळा नव्हताच.

1972च्या दुष्काळात तुझ्या आजोबांनी मळ्यात विहीर खोदायला घेतली. पाणी लागलं नाही. सुरुंगानं उडालेल्या दगडांत नारळाएवढी एक गारगोटी मात्र निघाली. फोडली तर आत पोकळ, आणि पोकळीत फिकट जांभळे स्फटिक. आपल्या काळ्या पाषाणात अशा गारा असतात. लाव्हा थिजताना बुडबुडे अडकून राहिले आणि त्यांत खनिजांचं पाणी युगानुयुगे झिरपत राहिलं. पुढे मी आपल्याकडच्या पोरांसारखंच गलाईला, म्हणजे सोनंचांदी गाळायच्या धंद्याला, कोइमतूर गाठलं, तेव्हा त्या गारगोटीचा एक तुकडा पेटीत टाकला. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

गलाईत सगळा भरवसा आगीवर. मोडीचा दागिना आला की खडे आणि लाख काढायची, मुशीत घालायचा, वर टाकणखार, आणि मग टंच. सोन्यात काय मिसळलंय ते भट्टी बाहेर काढतेच. एका रात्री गंमत म्हणून तो जांभळा तुकडा वाळूत पुरून भट्टीच्या कडेला ठेवला. चांदी वितळायला 962 अंश लागतात, या दगडाला त्याच्या निम्मी धग पुरते. सकाळी वाळू निवल्यावर काढला तर मधासारखा पिवळा! एक चीर गेली होती, पण रंग असा बसला की आजतागायत हललेला नाही. आमचे शेठ हसून म्हणाले, "झाला की सुनेला!" पुष्कराज परवडत नाही ते लोक सुनेला घालतात, तोच तुमचा सिट्रीन. दगडात लोहाचा अंश असतो. जमिनीतल्या किरणोत्सारानं तो जांभळा दिसतो, तापवला की पिवळा. मी मात्र दिवसभर अस्वस्थ होतो. जी आग सोन्याचं पितळ उघडं पाडते, तिनंच माझ्यासमोर दगडाला वेगळं नाव दिलं होतं.

तुझं ब्रेसलेटही बहुधा असंच. जमिनीतून पिवळाच निघालेला सिट्रीन कमी मिळतो, तोही बराचसा फिकट. म्हणून त्याला खोटं म्हणू नकोस. दगड जमिनीतलाच आहे, रंग तेवढा भट्टीतला. खंबायतेचे कारागीर अकीक तापवून लाल करत आलेत, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. नैसर्गिक रंगाचा भाव लावला आणि तापवल्याचं सांगितलं नाही, तर ती फसवणूक. म्हणून "खरं आहे का" असं विचारूच नये, दुकानदार हो म्हणतो आणि बिचारा खोटंही बोलत नसतो. तापवलाय का, रंगवलाय का, भेगा भरल्यात का, कारखान्यात वाढवलाय का, असं एकेक विचार आणि बिलावर लिहून घे.

भेगा भरलेल्या माणकाची मला धास्ती आहे. आमच्या शेजारच्या सोनारानं एकदा गिऱ्हाइकाची अंगठी डाक द्यायला घेतली आणि माणकाच्या भेगांत भरलेली काच वितळून बाहेर आली. हिरवागार पाचूही बरेचदा तेल पाजलेला असतो. घरच्या घरी काय बघशील? दहापट भिंगातून बघ. काचेत गोल बुडबुडे दिसतात, रंगवलेल्या दगडात रंग भेगांत साचलेला असतो. स्फटिक ओठाला लावला की गार लागतो, काच तेवढी नाही. पण यानं तापवलेलं कळत नाही, आणि कारखान्यातला स्फटिक तर भल्याभल्यांना चकवतो. महाग खडा असेल तर प्रयोगशाळेचा दाखलाच हवा. जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी 1972 साली, म्हणजे आपली विहीर कोरडी निघाली त्याच वर्षी सुरू झाली. तुला तिकडे अमेरिकेत न्यूयॉर्कची जीआयए प्रयोगशाळा जवळ. ब्रेसलेटपायी मात्र तो खर्च करू नकोस, मणी आवडले ना, घाल.

दिवाळीला आलीस की सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघू. विहिरीतल्या गारगोटीचा उरलेला जांभळा तुकडा तुझ्यासाठी कपाटात ठेवलाय. तिकडे नेलास तर खिडकीत ठेवू नकोस, उन्हानं तो विटतो.

तुझा,
मामा