काळा प्लग

भाचेबुवा,

तुझ्या आरएक्सच्या प्लगचा फोटो मिळाला, पण त्यावरून काय सांगणार? फोटोत सगळेच प्लग काळे. टोकावरून बोट फिरव. कोरडी काजळी लागली तर पेट्रोल जास्त जातंय. चोक नीट बसत नसेल, फ्लोटची सुई झिजली असेल, नाहीतर एअर फिल्टर तेलातून काढून न पिळताच चढवला असशील. बोट तेलकट झालं, तर मात्र दुखणं वेगळं.

आणि प्लग काढलास कधी? ट्रॅकवरून रमतगमत पिटात येऊन, गाडी आयडलवर ठेवून काढला असेल, तर तो फक्त आयडलचीच हकिगत सांगणार. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच त्यावरचा कार्बन जळतो. रेंगाळत्या गाडीत तेवढं तापतच नाही. मोकळ्या सरळ पट्टीवर फुल थ्रॉटल ओढ, तसंच इंजिन बंद कर, त्याच क्षणी क्लच दाब आणि गाडी घरंगळू दे. थांबल्यावर प्लग काढ. त्यासाठी नवा प्लग लाव, जुन्यावर मागचे थर असतात. चिनीमाती बदामी दिसली तर मेन जेटला हात लावू नकोस. कटकट खाली, पायलट जेटमध्ये आहे. पांढरीफटक दिसली तर गाडी तिथेच उभी कर.

गाडीचं जेटिंग चिपळूणचं, फिरते आता साताऱ्याच्या उंचीवर, त्यामुळे मिश्रण किंचित रिच होणारच. पण तेवढ्याने चार फेऱ्यांत प्लग मरत नाही.

तुझ्या मेकॅनिकने आठ नंबर काढून सात लावला, हे मला पटलेलं नाही. एनजीकेत आकडा उतरला की प्लग गरम (बॉशचं नेमकं उलटं). गरम प्लग काळा पडत नाही, म्हणजे रोग तसाच राहतो आणि खूण तेवढी पुसली जाते. उन्हात लांब फुल थ्रॉटल लागलं की पिस्टनला भोक पडायची भीती. परत आठ लाव. आणि वाळूच्या मशीनवर प्लग साफ करून घेऊ नकोस. आत अडकलेला एखादा कण सिलिंडरमध्ये गेला की बोअरवर ओरखडा. तारेचा ब्रशही नको.

ऑइल पंप काढलायस, म्हणजे सगळं तुझ्या मापावर. पेट्रोलच्या लिटरला २५ मिली ऑइल, म्हणजे ४०:१. अंदाजपंचे ओतू नकोस, मापाचा कप घे. प्लग वाचावा म्हणून ऑइल कमी करायचं तर अजिबात डोक्यात आणू नकोस. आरएक्सचा चांगला बोअर आता मिळतो कुठे?

इतकं करूनही टोक तेलकट, ओलंच राहिलं आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर मला क्लचच्या बाजूच्या क्रँक सीलचा संशय आहे. ते गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं. कार्ब कितीही उघडा, फरक पडत नाही. रविवारच्या रेसआधी गिअर ऑइल काढून मोज. टाकलं होतंस त्याहून कमी भरलं आणि खाली कुठे गळती नसेल, तर रेसचं नाव काढू नकोस, क्रँककेस उघडायला घे. सील दोन्ही बाजूंची बदल. मॅग्नेटोकडचं गेलं तर तिथून हवा शिरते आणि इंजिन सीझ होतं.

मोजलेला आकडा फोनवर कळव. ताईला यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
मामा