दुसरी पसंती

पेपर तपासताना मी आजवर कोणालाही पैकीच्या पैकी गुण दिलेले नाहीत. मराठीच्या प्राध्यापकाचा तो धर्मच नव्हे. उत्तर कितीही सुरेख असो, कुठे तरी एखादी वेलांटी चुकलेली असते, कुठे एखादा मुद्दा राहून गेलेला असतो, आणि दहापैकी साडेसहा-सातावर आमची लेखणी थांबते. उलट, शून्यही मी सहसा देत नाही. ज्याने निदान प्रश्न तरी नीट उतरवून काढला आहे, त्याच्या पदरात अर्धा गुण टाकताना माझा हात आखडत नाही. अशा माणसाला दर पाच वर्षांनी शाळेच्या एका वर्गात पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभे करतात आणि सांगतात, समोरच्या यादीतल्या एकाला पैकीच्या पैकी द्या, बाकी सर्वांना शून्य! साडेसहाची तिथे सोयच नाही.

ही तक्रार माझी एकट्याची नव्हे. २०२४ साली माझ्या मुलीचे पहिले मतदान होते. तिने उमेदवारांची यादी आणि पक्षांचे जाहीरनामे असे काही बारकाईने वाचले की, तिने अभ्यासाची पुस्तके कधी तशी वाचल्याचे मला स्मरत नाही. शेवटी ती म्हणाली, "बाबा, याचं हे पटतं तर ते पटत नाही. सगळं पटेल असा एकही नाही. मी 'नोटा'चं बटण दाबते."

तिची आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "सगळं पटेल असाच हवा म्हणून मी अडून बसले असते, तर तुला हे बाबा मिळाले नसते."

विनोदाचा भाग सोडा, पण आपल्या घरांतून स्थळे पाहताना जे चालते तेच मत देताना चालते. मुलगा सोन्यासारखा, पण घराणे हेकट. घराणे उत्तम, पण मुलगा कर्तबगारीत बेताचा. आपण मुलाला पसंत करतो आणि मग साऱ्या घराण्याशी सोयरीक जडते. उमेदवाराचेही तसेच. मत देतो माणसाला. पण त्याच्यामागून त्याचा पक्ष, त्या पक्षाचे मित्र आणि त्या मित्रांचे हिशेब असे सारे वऱ्हाड उंबरठा ओलांडून आत येते.

आपल्या देशात काही निवडणुका अशा आहेत की, जिथे मतदाराला 'हा, पण...' असे म्हणता येते. त्यांतली एक राष्ट्रपतिपदाची. तिथे मत देतात ते खासदार आणि आमदार. त्यांच्या मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. आकडे घालायचे असतात. पहिली पसंती हा, तो नसेल तर दुसरी पसंती तो. निम्म्याहून अधिक मते कोणालाच पडली नाहीत, तर तळाच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. मला विचाराल तर प्राध्यापकी स्वभावाला साजेशी अशी ही मतपत्रिका आहे. दुर्दैवाने राष्ट्रपतिपदाची ती मतपत्रिका आम्हां प्राध्यापकांच्या हाती येत नाही.

मुलीला मी जे सांगितले ते याच मतपत्रिकेवरून. कारण तिच्यावरून आमच्या घरात एकदा चांगले रणकंदन झाले होते. ते १९६९ साली. तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. पण आजोबा आणि वडील या दोघांनीही आपापली बाजू मला पुढे इतक्यांदा ऐकवली की, न्हाव्याच्या आमच्या जुन्या ओटीवर मी स्वतः हजर होतो असेच मला वाटते. त्या वेळी न्हावा शेवा म्हणजे बंदर नव्हते. न्हावा आणि शेवा ही दोन गावे होती. मिठागरे, भातखाचरे, खाडीतली मासळी आणि समोर पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणाऱ्या लाँचमधून कोणी उतरला की, त्याच्या काखोटीला वर्तमानपत्र असे, आणि ते संध्याकाळपर्यंत गावात फिरून चिंध्या होई. आजोबा मिठागरावर राबणारे, लाल बावट्याचे. वडील नुकते कॉलेजात जाऊ लागलेले. म्हणजे घरात वाद व्हायला जेवढी सामग्री लागते, तेवढी सगळी होती.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन निवर्तले. त्यांच्या जागी काँग्रेसने नीलम संजीव रेड्डींना उभे केले. पंतप्रधान इंदिरा गांधींना ते नको होते. १९ जुलैला त्यांनी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. त्या वटहुकुमावर हंगामी राष्ट्रपती म्हणून सही होती व्ही. व्ही. गिरींची. दुसऱ्या दिवशी गिरींनी पद सोडले आणि ते अपक्ष म्हणून उभे राहिले. इंदिराबाईंनी आपल्या पक्षाच्या लोकांना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितले, आणि त्या बुद्धीचा कल कोणीकडे असावा हे न सांगता सर्वांना कळले. हे दोघे देशाला पुरेसे होते. पण आमच्या ओटीला नव्हते. कारण तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, आणि ते आमच्या कुलाबा जिल्ह्याचे!

सी. डी. देशमुख हे नाव आज मुलांना स्पर्धापरीक्षेपुरते ठाऊक असते. १८९६ साली रायगडाच्या परिसरातल्या नाते गावी जन्म, घर रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. १९१८ साली आय.सी.एस.मध्ये पहिले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. अशा आकडेमोडीच्या गर्दीत मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करण्याइतका निवांतपणा त्यांच्यापाशी होता, हे माझ्यासारख्याला विशेष. पुढे केंद्राचे अर्थमंत्री, १९५२ साली काँग्रेसतर्फे कुलाब्याचे खासदार. आणि १९५६ च्या जुलैत, मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचे ठरले म्हणून, त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

वडिलांचा पक्ष सरळ होता. असा माणूस पुन्हा होणे नाही. तो आपल्या मातीतला. त्याने मुंबईसाठी खुर्ची सोडली. आजोबा विडी विझवून शांतपणे म्हणत, "मानूस मोठा, यात वाद नाय. पन त्याला उभा कोनी केलाय, त्यो बग."

उभे केले होते स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने. आजोबांच्या लेखी स्वतंत्र पक्ष म्हणजे राजेरजवाड्यांचा, गिरणीवाल्यांचा. अलिबागेजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओस ठेवून खोतांविरुद्ध संप केला, त्याच्या गोष्टी ऐकत ते वाढले होते. बँका सरकारी झाल्या म्हणजे कधी तरी मिठागरवाल्यालाही कर्ज मिळेल, ही त्यांची साधी आशा. त्या आशेला विरोध करणारे लोक देशमुखांच्या मांडवात यजमान म्हणून उभे होते.

यावर वडिलांपाशी तोड होती, आणि ती खोटी नव्हती. देशमुख गव्हर्नर असतानाच, १ जानेवारी १९४९ ला, खुद्द रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. ते अर्थमंत्री असताना १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला. राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांना उमेदवार मिळाला तो असा! मग वऱ्हाडावरून वराची परीक्षा कशाला?

"आणि त्यांनी राजीनामा दिला," वडील पुढे म्हणत.

इथे आजोबांचा डाव असे. राजीनामा गिरींनीही दिला होता. १९५४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या निवाड्यात सरकारने फेरफार केले म्हणून ते मजूरमंत्रिपद सोडून बाहेर पडले होते. आणि त्या वेळचे अर्थमंत्री कोण, तर चिंतामणराव देशमुख! वडील गप्प बसत. खरे म्हणजे तिसऱ्यांचीही तीच कथा. आंध्रातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे मारले, तेव्हा १९६४ साली रेड्डींनी मुख्यमंत्रिपद सोडले होते. तीन उमेदवार आणि तिघेही खुर्ची सोडून दाखवलेले. आज हे वाचताना एखाद्या पुराणातली गोष्ट वाचल्यासारखे वाटते.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० तारखेला मोजणी. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. निवडून यायला हवी होती ४,१८,१६९. कोणीच तिथवर पोहोचला नाही. म्हणून देशमुख आणि त्यांच्याही खाली असलेले किरकोळ उमेदवार यांची दुसरी पसंती मोजावी लागली. तिच्यातली ९१,८७९ मते रेड्डींकडे गेली आणि अवघी १८,५६२ गिरींकडे. पण तेवढ्यावर गिरी ४,२०,०७७ ला पोहोचले आणि राष्ट्रपती झाले. दुसऱ्या पसंतीवर राष्ट्रपती ठरला तो आजवर एवढाच एक. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघाच्या आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांकडे दुसरी पसंती मागायला गेले होते, त्याचे निमित्त पुढे काँग्रेस फुटायला पुरले.

आमच्या ओटीवर मात्र निकाल लागला नाही. तो मी माझ्यापुरता पुष्कळ वर्षांनी लावला आहे. तिघांनीही राजीनामे दिले असतील, तर कशासाठी दिले ते पाहावे. गिरी मजुरांच्या पगारासाठी गेले, ते थोरच. पण तो धोरणाचा प्रश्न, आणि धोरण ठरवणे हे राष्ट्रपतीचे काम नव्हे. देशमुख मुंबईसाठी गेले हे आपण सारे सांगतो. पण लोकसभेतल्या भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आपण विसरतो. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळाला नीट न विचारता जाहीर झाला, हा त्यांचा नेहरूंवर आक्षेप होता. निर्णय कोणता, याइतकेच तो कसा घेतला, याला महत्त्व देणारा तो माणूस.

राष्ट्रपतीच्या खुर्चीचे खरे काम तेवढेच. सही मागायला आलेल्याला विचारायचे, 'मंत्रिमंडळाला विचारलेत का?' २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती; ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. त्या वेळी खुर्चीवर होते फक्रुद्दीन अली अहमद. गिरींची मुदत संपून गेली होती, आणि १९६९ ला देशमुख निवडून येते तरी त्यांचीही संपली असती. तेव्हा 'देशमुख असते तर' असला बाजार मी भरवत नाही. पण तो प्रश्न इतका मोलाचा ठरला की, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवण्याची अटच घातली.

म्हणून माझ्या हाती ती मतपत्रिका आली असती, तर आजोबांचे अर्थकारण मला मान्य असूनही मी पहिली पसंती देशमुखांना दिली असती; पद पाहून. आणि दुसरी गिरींना, धोरण पाहून. अशी मतपत्रिका भरणारे त्या १८,५६२ मतांत फार थोडे असतील. पण बाप-लेकांचे भांडण तिने मिटले असते, हे नक्की.

कोणी म्हणेल, हे सारे राष्ट्रपतीपुरते ठीक. आमच्या यंत्रावर दुसरे बटण कुठे आहे? नाही खरे. पण न्हावा शेव्याच्या लोकांनी दुसऱ्या बटणावाचूनही हा हिशेब करून दाखवला आहे. बंदर आणि नवे शहर यांसाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील पुढे झाले. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला गोळीबारात पाच माणसे पडली. त्याच डिसेंबरात इंदिराबाईंच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट आली, आणि कुलाब्याने लोकसभेवर पाठवले ते दि. बां. ना! माझे वडील तोवर काँग्रेसच्या विचाराचे झाले होते. बंदर आले तर गावच्या पोरांना नोकऱ्या लागतील असे ते बोलून दाखवत. पण शिक्का मारला तो दि. बां. वर. आजोबांनी विचारले, "काय रे, पक्ष बदललास?" वडील म्हणाले, "पक्ष तोच आहे. यंदा प्रश्न जमिनीचा आहे."

या एका वाक्यात मला सगळे सापडते. आपले किती पटते हे मोजण्याआधी, या खेपेला प्रश्न कोणता आणि ते पद कशासाठी, हे विचारावे. 'आपला माणूस' हे कारण लहान नाही. २००७ साली भाजपशी युती असूनही शिवसेनेने प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला तो मराठी म्हणून. पण तेवढ्या एका कारणावर थांबू नये. आणि एकदा मत दिले म्हणजे आपला मतभेद त्याच पेटीत टाकून यावा असेही नाही. देशमुखांना पहिली पसंती देऊनही मी बँकांच्या बाबतीत त्यांच्या मित्रांशी भांडलोच असतो. नेत्याला आरती ओवाळणारे पुष्कळ मिळतात. मत देऊन वर जाब विचारणारा मात्र त्याच्या अडचणीचा आणि लोकांच्या उपयोगाचा असतो.

मुलीने एवढे सगळे ऐकून घेतले आणि मतदानाला गेली. कोणाला मत दिले ते तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. परतल्यावर तिने वहीत काही तरी लिहून ठेवलेले मात्र मी पाहिले. निवडून आला तर याला काय काय विचारायचे, त्याची ती यादी होती. चांगले सात मुद्दे होते. प्राध्यापकी सवयीने मी त्यांना मनातल्या मनात गुण दिले. किती, ते सांगत नाही. पण साडेसहाच्या वर होते.