सांडव्यातल्या गोण्या

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. "वार्षिकासाठी काहीतरी लिहा," असे सरांनी सांगितले तेव्हा हसूच आले. आमच्याकडे लिहिण्याजोगे काय घडते? पण गेल्या भाद्रपदातील एक रात्र मनातून जात नाही, तेव्हा तीच लिहिते.

पेठजवळ सातगाव पठारावर आमची वाडी आहे. पठाराचा बटाटा प्रसिद्ध. पण तो पावसावर येतो. पावसाळा सरला की पुढचे सारे विहिरीवर, आणि आमच्या विहिरी पाझर तलावावर. हा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामावर झाला. माझी आजी तेव्हा सतरा वर्षांची, नवी नवरी. तिने त्या बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या. सुकडीच्या आणि मिलोच्या भाकरीच्या आठवणी ती सांगते, पण खरी रंगते ती मातीवर. आधी खोल चर खणला, त्यात काळी माती भरली, पाणी शिंपून थरावर थर धुमसाने ठोकले, वरून मुरूम घातला, पाण्याच्या अंगाला दगड लावले. "उगं ढीग न्हाई टाकला, बाय. ठोकून ठोकून हाताला फोड आलं," असे म्हणून ती तळहात पुढे करते. फोड अर्थातच केव्हाच गेले. पण आम्ही पाहतो.

आम्हा मुलांना मात्र तलाव म्हणजे खेळायची जागा. पाठीला डबा बांधून मी तिथेच पोहायला शिकले. बांधाचे दगड उचकटून चुली मांडल्या, चपटे दगड पाण्यावर फेकून भाकऱ्या काढल्या, बिळांत हात घालून खेकडे धरले. बांधावर बाभळी उगवल्या, तर सावली झाली म्हणून आनंदच वाटला. तलाव सरकारी, म्हणजे कोणाचाच नाही, असे गावाने मनाशी ठरवूनच टाकलेले.

बांधाच्या एका टोकाला सांडवा आहे. जादा पाणी त्यावरून ओढ्यात जाते. श्रावण सरता सरता दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून तिथे रचत. गोणीचे तोंड धरायला मी असे. पाणी हातभर वर चढे आणि विहीर फाल्गुनापर्यंत पुरे. त्या पाण्यावर अर्धा एकर कांदा निघे. माझी पहिल्या वर्षाची फी त्याच कांद्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे लिहिताना मला शहाणपणा मिरवायचा नाही.

भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर मातीच्या धरणाचा छेद काढला. मातीच्या बांधाला पाणी टेकून राहिले तर त्याला काही होत नाही. पण पाणी माथ्यावरून वाहू लागले की माती तग धरीत नाही. म्हणून सांडवा मोकळा हवा. पायथ्याशी थोडे नितळ पाणी झिरपले तर एवढे भिण्याचे कारण नसते. ते गढूळ होऊ लागले तर समजावे की पोटातली माती वाहून चालली. बांधावरचे झाड मेले की मुळे कुजतात आणि पाण्याला आयती वाट होते. सरांनी १२ जुलै १९६१ चे पानशेत सांगितले. खचत्या बांधावर जवानांनी वाळूची पोती रचली होती, तरीही धरण फुटले आणि पुण्यात पूर आला. मग २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे फुटले ते. खालच्या भेंदवाडीतली माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पुढे खेकड्यांनी धरण पोखरले असे एका मंत्र्यांनी म्हटले, तेव्हा महाराष्ट्र हसला होता. वर्गही हसला. मला मात्र हसता येईना. खेकडे बिळे करतात हे मी हात घालून पाहिले होते. पण गोण्या काही खेकडे रचत नाहीत.

त्या संध्याकाळी एस. टी. ने अवसरीचा घाट चढताना वाक्ये जुळवीत होते. घरी आल्यावर धीर करून म्हटले, "दादा, सांडव्यातल्या गोण्या काढायला पाहिजेत."

"का? बुकात लिव्हलंय?"

"बांधाखाली सात घरं आहेत. आपला बांध फुटला तर?"

"पन्नास वर्सं न्हाई फुटला. कांदा न्हाई झाला तर फी कुठनं भरायची, त्येबी बुकात लिव्हलंय का?"

यावर मला उत्तर नव्हते. आजही नाही.

आठवड्याने पावसाने झोड उठवली. दोन दिवस थांबला नाही. रात्री नऊच्या सुमारास आजीने कांबळे डोक्यावर घेतले आणि कोणालाही न सांगता बांधाकडे निघाली. मी बॅटरी घेऊन मागे धावले. पाणी बांधाच्या माथ्यापासून जेमतेम वीतभर खाली होते. खाली माझ्या मैत्रिणीच्या घरातला दिवा दिसत होता. जिच्याबरोबर मी पोहायला शिकले ती. आजी सांडव्याच्या काठावर बसली आणि हाताने गोण्या ओढू लागली. एकही हलेना. तेवढ्यात मागून दादा आले. त्यांच्या हातात कुदळ होती.

आजी एवढेच म्हणाली, "आमी ही जागा मोकळी ठिवली ती येडं हुतो म्हनून?"

दादांनी कमरेला दोर बांधला, दुसरे टोक बाभळीला. कडेच्या गोण्या आधी फोडल्या, मग मधल्या. पाण्याने आवाज बदलला. मी बॅटरी धरून होते आणि हात थरथरत होता, थंडीने असे तेव्हा मी सांगितले. सकाळपर्यंत पाणी हातभर उतरले होते. खालच्या घरांना आम्ही काही बोललो नाही. काय सांगणार? की धोका आम्हीच रचून ठेवला होता?

नंतर दादांनी ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचे ठरविले: बाभळी लहान आहेत तोवर काढाव्यात, दगड पुन्हा लावावेत, बिळे बुजवावीत. अर्ज मी लिहिला, त्यांनी सही केली. उत्तराची वाट पाहत आहोत. तोवर दादा आणि खालचे दोघे जण मिळून निखळलेले दगड बसवीत आहेत. मीही सुट्टीच्या दिवशी जाते. माझ्या चुलीचे तीन दगड मला अजून ओळखू येतात.

यंदा विहिरीने माघातच तळ दाखवला. कांदा निम्माच लावला होता. परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवशी दादांनी पैसे मोजून हातात दिले. कुठून आणले ते त्यांनी सांगितले नाही. आजीच्या कानातल्या कुड्या मात्र त्या दिवसापासून दिसल्या नाहीत.